‘सुख’ आणि ऑफसेट : चाक नेमकं कुठे बसतं?

चाकाचा इतिहास सांगायचा म्हटला की सगळे त्याच्या गोल आकारापासून सुरुवात करतात. आज आपण मधल्या भोकापासून सुरुवात करू. ऋग्वेदात ‘सुख’ हे रथाचं विशेषण आहे. सहज धावणारा तो सुख रथ. त्याची एक प्रचलित व्युत्पत्ती अशी, की ‘ख’ म्हणजे तुंब्याचं भोक. आस ज्यात नीट बसते तो ‘सुख’. माणसाच्या मनाला हा शब्द लागला तो नंतर. यातून आम्ही एवढंच घेतो, की चाक चांगलं की वाईट हे नुसतं चाकाकडे बघून ठरत नाही. ते कशावर आणि कुठे बसलंय, हे बघावं लागतं.

आता वाशीत येऊ. नवी गाडी घेतली की घरातली तरुण मंडळी ‘मॅग व्हील’ मागतात. हा ‘मॅग’ म्हणजे मॅग्नेशियम. शर्यतीच्या गाड्यांना त्या धातूची चाकं असत, त्यावरून नाव पडलं. दुकानात मिळतं ते बहुतेक ॲल्युमिनियमच, पण नाव राहून गेलं. दुकानात चर्चा होते ती इंचांची आणि डिझाइनची. चाकावर ‘ईटी ४५’ असं काही कोरलेलं असतं, तिकडे फारसं कोणी बघत नाही. ही अक्षरं एका जर्मन शब्दाची, आणि आकडा ऑफसेटचा.

ऑफसेट म्हणजे काय? रिमच्या रुंदीच्या बरोबर मध्यावर एक रेघ कल्पा. चाक हबला जिथे टेकतं तो पृष्ठभाग या रेघेपासून ४५ मिलिमीटर बाहेरच्या अंगाला आहे, म्हणजे ऑफसेट अधिक ४५. आकडा मोठा तितकं चाक मडगार्डच्या आत; आकडा लहान तितकं बाहेर.

या आकड्यालाही इतिहास आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेली फियाट, पुढे तीच पद्मिनी, मागच्या चाकांवर चालायची. पुढची चाकं फक्त वळायची. डिसेंबर १९८३मध्ये मारुती ८०० आली आणि पुढच्या चाकांनाच ओढायचं आणि वळायचं अशी दुहेरी नोकरी लागली. सांधा, ब्रेक, हब हे सगळं चाकाच्या पोकळीत शिरलं. शिवाय स्टेअरिंग ज्या अक्षाभोवती फिरतं तो अक्ष खाली वाढवला, तर तो टायरच्या मध्याजवळच जमिनीला टेकायला हवा. म्हणून चाकाचा टेकण्याचा पृष्ठभाग बाहेर सरकला आणि ऑफसेट वाढला. ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस मुंबईतली शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. पण चाक बाहेर आलं की गाडी रुबाबदार दिसते, ही नजर काही गेली नाही.

तर हिशेब करू. मूळ चाक साडेपाच इंच रुंद, ऑफसेट ४५. नवं सात इंच, ऑफसेट ३५. रुंदी दीड इंच, म्हणजे ३८ मिलिमीटर वाढली. दोन्ही बाजूंना १९-१९. ऑफसेट १०ने घटला, म्हणजे सगळं चाक १० बाहेर. बाहेरची कड २९ मिलिमीटर बाहेर गेली, आतली ९ आत. चार माणसं आणि सामान घेऊन खंडाळ्याच्या घाटात खड्ड्यात गाडी बसली, की टायर मडगार्डला घासू शकतं. बेअरिंगवर तरफेचा भार वाढतो. एका बाजूचं चाक ओल्यावर आणि दुसरं कोरड्यावर असताना ब्रेक दाबला, तर स्टेअरिंग जास्त ओढ घेतं. उलट, ऑफसेट फार वाढवला तर आतली कड सस्पेन्शनला लागते. पाम बीच रोडच्या वेगाला यातलं काहीही परवडणारं नाही.

तेव्हा आधी मूळ चाकाच्या मागचा आकडा वाचा, नव्याचा हिशेब असा कागदावर मांडा. बोल्टचं वर्तुळ, मधलं भोक आणि चाकाची भार पेलायची क्षमता जुळते का ते पाहा. टायरसकट एकूण व्यास तोच ठेवा, नाहीतर स्पीडोमीटर खोटं बोलेल. कायदाही लक्षात असू द्या. मोटार वाहन कायदा, १९८८, याचं कलम ५२ मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करतं. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते बजावलं आहे.

‘मिलिंदपञ्ह’ ग्रंथात नागसेन भिक्खू राजा मिलिंदाला विचारतात, रथ म्हणजे नेमकं काय? चाक? आस? दांडी? यातलं कोणतंही एकटं रथ नाही. आम्ही तत्त्वज्ञानाच्या वर्गात हे वर्षानुवर्षं शिकवलं. ४५ हा आकडा चाकाचा आहे खरा, पण ‘योग्य’ हा शब्द चाक आणि गाडी या जोडीचा आहे. तुमच्या मित्राच्या गाडीला शोभलेलं चाक तुमच्या गाडीला दुःखही देऊ शकतं. तेव्हा दुकानात गेलात की रंगाच्या आधी आकडा विचारा.