कराची ते क्रॉयडन : १९३० ची एक शर्यत

लहानसे विमान घेऊन सुमारे ५००० मैलांचा प्रवास एकट्याने करावयाचा, तर आधी तयारी कशाची हवी? धाडसाची, असे आपण चटकन म्हणू. १९३० साली ज्यांनी हा प्रवास केला त्यांच्यापुढे पहिला प्रश्न होता पेट्रोलचा.

१९२९ च्या अखेरीस आगाखानांनी ५०० पौंडांचे पारितोषिक जाहीर केले. इंग्लंड-हिंदुस्थान हे अंतर, कोणत्याही बाजूने, एका महिन्याच्या आत एकट्याने तोडणाऱ्या पहिल्या हिंदी वैमानिकास ते मिळावयाचे होते. मनमोहन सिंग, अस्पी इंजिनियर आणि जे. आर. डी. टाटा असे तिघे पुढे सरसावले. सिंग यांनी प्रवास पुरा केला, पण महिन्याची मुदत उलटून गेली होती.

त्या काळचे ‘जिप्सी मॉथ’ विमान म्हणजे लाकूड-कापडाचा, वरून उघडा असा हलका सांगाडा. वेग ताशी ऐंशी-पंचाऐंशी मैल. नेहमीच्या टाकीवर तीन-साडेतीनशे मैलांचा पल्ला. तेव्हा मुक्काम आपल्या सोयीने ठरवून भागत नसे; जेथे पेट्रोल तेथे मुक्काम. सुदैवाने १९२९ च्या मार्चमध्ये इम्पीरियल एअरवेजची लंडन-कराची वाहतूक सुरू झाली होती आणि जास्क, बुशायर, बसरा, बगदाद येथे उतरण्याची सोय होती. बगदादच्या पश्चिमेस मात्र ओसाड वाळवंट. तेथे ब्रिटिश विमानदलाने १९२१ मध्येच मोटारींची चाकोरी पाडली होती, आणि ती जेथे वरून दिसेना तेथे चक्क नांगराचे तास ओढले होते! वैमानिक ती रेघ धरून जात.

शिवाय वजनाचा हिशेब. बरोबर घेतलेला प्रत्येक सुटा भाग पेट्रोलची जागा खातो. काय न्यावे आणि काय सोडावे, येथेच खरी परीक्षा.

अस्पी २५ एप्रिलला क्रॉयडनहून निघाले, टाटा ३ मे रोजी कराचीहून. इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ अबुकीर येथे टाटा उतरले, तो दुसरे एक मॉथ तेथे उभे! अस्पी स्पार्क प्लगवाचून अडकून पडले होते. त्या इंजिनाला चार सिलिंडर, प्रत्येकास दोन प्लग. ते बिघडले की इंजिन अडखळू लागते. जादा प्लग जवळ नव्हते. याला अननुभव म्हणावे, तर याच मार्चमध्ये आर. एन. चावला यांच्यासह अस्पी विमानाने इंग्लंडला गेले होते. वय अवघे सतरा. एवढी चूक मी तरी पोटात घालीन.

टाटांच्या सामानात जादा प्लग होते. ते त्यांनी प्रतिस्पर्ध्याला देऊन टाकले आणि आपल्या वाटेला लागले. वाळवंट अस्पींच्या पुढे होते, तसा समुद्र टाटांच्याही पुढे होता.

११ मे रोजी अस्पी कराचीस उतरले. काही तासांच्या फरकाने पारितोषिक त्यांना मिळाले. १९६० मध्ये ते भारतीय वायुसेनेचे प्रमुख झाले. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी पुन्हा कराचीहूनच उड्डाण केले. या वेळी विमान ‘पुस मॉथ’ होते, आत टपालाच्या थैल्या होत्या, आणि उतरावयाचे होते आपल्या जुहूला.