ओळ, टाका आणि जाला
(हिमरूच्या शहरातल्या दोन विणकामांचा शोध)

मराठीतले 'विणणे' हे क्रियापद फार उदार आहे. पैठणी विणतात, घोंगडी विणतात, बाज विणतात आणि बाळाचा स्वेटरही विणतात. इंग्रजीत मागावरच्या आणि सुयांवरच्या कामाला दोन वेगळी क्रियापदे आहेत, आपल्याकडे एकच. त्यामुळे छत्रपती संभाजीनगरात 'विणकामाचा इतिहास' असे म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर हिमरू आणि पैठणी येतात. याच शहरातल्या घराघरांत दोन सुयांवर झालेले विणकाम कुणाला आठवत नाही. ते बायकांचे, फावल्या वेळचे, रुखवतात मांडायचे काम म्हणून इतिहासाबाहेर राहिले. या दोन विणकामांना शेजारी बसवून पाहिले, तर एखादी कला का टिकते आणि का विरते, याबद्दल काही हाती लागते. म्हणून हा खटाटोप.

सुरुवात अजिंठ्यापासून करू. पहिल्या लेण्याच्या छतावर परदेशी वेशातले काही पुरुष रंगवलेले आहेत. डोक्यावर टोप्या, अंगात लांब अंगरखे, हातात पेला आणि पायांत मोजे. भिंतींवरच्या राजे-राण्यांच्या अंगावर तलम, पट्ट्यापट्ट्यांची, नक्षीची वस्त्रे आहेत, पण पाय उघडे. पाचव्या शतकातल्या चित्रकाराला मोजा ही परक्याची खूण वाटली, हे लक्षात घेण्याजोगे आहे. 'मोजा' हा शब्दही आपल्याकडे फार्सीतूनच आला.

पण ते मोजे सुयांवर विणलेले असतील का? उपलब्ध पुराव्यावरून तसे म्हणता येत नाही. दोन सुयांवरच्या विणकामाचे सर्वात जुने ज्ञात नमुने इजिप्तमधले आहेत आणि ते साधारण अकराव्या ते चौदाव्या शतकांतले मानले जातात. त्याआधीचेही मोजे इजिप्तमध्ये सापडले आहेत, पण ते एकाच नेढ्याच्या सुईने, धाग्याचे तुकडे फाशातून ओढत केलेले. दिसायला सारखे, तंत्र मात्र निराळे. सुयांवरचे ते जुने मोजे लोकरीचे नसून सुती आहेत. पांढऱ्या सुतावर निळीची नक्षी, आणि काहींवर अरबी अक्षरांसारखी वळणे. जुन्या कैरोतल्या फुस्तातच्या ढिगाऱ्यांत गुजरातेतले छापील सुती कापडही सापडले आहे. म्हणजे आपले कापड तिथवर पोचत होते. तिथले सुयांचे विणकाम मात्र इकडे येऊन रुजल्याचे दिसत नाही.

याचे कारण आपल्या पोशाखात आहे. मागावर ताणा आणि बाणा, म्हणजे उभे आणि आडवे धागे, काटकोनात एकमेकांत गुंतवले जातात. असे कापड सपाट आणि स्थिर असते. सुयांवर एकाच धाग्याचे फासे एकमेकांतून ओढले जातात. असे कापड ताणले जाते आणि सोडले की पुन्हा आवळते. टाच, बोटे, डोके, मनगट अशा गोल, हलत्या अवयवांना ते चपखल बसते. साडी, धोतर, उपरणे, पागोटे या वस्त्रांना अशा ताणाची गरजच नव्हती. ती मागावरून उतरत आणि तशीच अंगाला गुंडाळली जात. थंडीसाठी घोंगडी होतीच. दख्खनी मेंढीची राठ लोकर, धनगरांचे सूत, खड्डामाग आणि वर चिंचोक्याची खळ. मराठवाड्यात लोकर होती, कसब होते. मोज्याची गरज तेवढी नव्हती.

ती गरज आणि तिच्यासोबत सुया एकोणिसाव्या शतकात इंग्रजी अमदानीत आल्या. छावण्यांतल्या गोऱ्या कुटुंबांच्या घरी विणकाम होतेच, पण आपल्या घरांपर्यंत ते पोचवण्यात मुलींच्या शाळांचा मोठा वाटा होता. आपल्या शहरापासून सव्वाशे किलोमीटरच्या आत अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) आहे. तिथे अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे १८३१ मध्ये सुरू झाले आणि सिंथिया फरार यांनी १८३९ पासून १८६२ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथे मुलींच्या शाळा चालवल्या. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शिक्षणकार्याशी त्यांचे नाव जोडलेले आहे, हे वाचकांना ठाऊक असेल. त्या काळच्या मिशनच्या मुलींच्या शाळांत लिहिण्या-वाचण्याच्या जोडीला सुईकाम असे. पुढे आपल्या समाजातल्या संस्थांनीही ती जोड ठेवली. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये पुण्यात उभ्या राहिलेल्या सेवासदनात प्रौढ स्त्रियांसाठी अक्षरओळख आणि शिवण एकाच छपराखाली होती. सुई आणि पाटी अशा जोडीने घरात शिरल्या. या जोडीकडे पुढे परत यायचे आहे.

विणकाम इंग्रजी वळणाने आले याचा पुरावा आजही प्रत्येक विणणारीच्या पिशवीत आहे. आपल्याकडच्या जुन्या सुयांवरचे नंबर पाहा. आठ नंबरची सुई चार मिलिमीटर जाडीची, दहा नंबरची सव्वातीन, चौदा नंबरची दोन. नंबर वाढतो तशी सुई बारीक होते. ही जुनी ब्रिटिश मोजणी. अमेरिकेत उलटे आहे: तिथली आठ नंबरची सुई पाच मिलिमीटरची. ही नुसती माहितीची गंमत नाही. नवशिक्याने परदेशी नमुना पाहून आपल्याकडची आठ नंबरची सुई उचलली, तर मोठ्यासाठी योजलेला स्वेटर घरातल्या शाळकरी पोराला होईल. म्हणून नंबरावर न जाता मिलिमीटर पाहावेत, आणि काम सुरू करण्याआधी त्याच लोकरीचा, त्याच सुयांवर हातभर नाही तरी वीतभर तुकडा विणावा. तो धुऊन, वाळवून दहा सेंटिमीटरांत किती टाके आणि किती ओळी बसतात ते मोजावे. दोघींचा हात सारखा नसतो. एकीचा आवळ, दुसरीचा सैल. दहा सेंटिमीटरांत वीस टाक्यांऐवजी बावीस बसले, तर छातीत शंभर सेंटिमीटरांचा स्वेटर एक्याण्णवच्या आसपास येऊन थांबतो.

मूळ टाके दोनच, सुलट आणि उलट. सुलट टाक्यात धागा मागे असतो आणि सुई फाशात पुढून मागे जाते. उलट टाक्यात धागा पुढे आणि सुईही पुढच्या बाजूने शिरते. खरे तर उलट टाका म्हणजे मागून पाहिलेला सुलट टाकाच. त्यामुळे चार-पाच सुयांवर मोज्यासारखी गोल नळी विणली, तर सुलट टाका एवढाच पुरतो. उलट टाका वापरलेल्या जुन्या ज्ञात वस्तूंमध्ये इटलीतल्या एलिओनोरा दी तोलेदो हिचे रेशमी मोजे मोडतात. ती १५६२ मध्ये वारली. म्हणजे आज पहिल्या दिवशी शिकवला जाणारा हा टाका पहिल्याइतका जुना नसावा. दोन सुलट, दोन उलट अशी पट्टी बाहीच्या टोकाशी आणि कमरेला घालतात, कारण उभ्या रेघा एकमेकींत दबून ती पट्टी आवळून धरते. टाका सुटला तर नवशिकी घाबरून ओळीच्या ओळी उसवते. त्याची गरज नसते. सुटलेला फासा क्रोशाच्या सुईवर घ्यावा आणि शिडी चढावी तसा एकेक आडव्या धाग्यातून वर ओढून पुन्हा सुईवर ठेवावा.

आता हिमरूकडे येऊ. महंमद तुघलकाने १३२७ मध्ये दौलताबादेस राजधानी हलवली तेव्हा त्याच्यामागून विणकर आले, असे परंपरेने सांगितले जाते. पुढे मलिक अंबराने १६१० मध्ये वसवलेल्या खडकीचे औरंगाबाद झाले आणि मुघल, मग निजामी सरदारांच्या आश्रयाने ही कला वाढली. किनखाब जरीचा, फार महाग. हिमरू म्हणजे त्याचे सुत-रेशमातले भावंड. नावाचा अर्थही 'सारखे दिसणारे' असा लावतात. सुती ताण्यावर नक्षीसाठी रेशमाचा जादा बाणा घालतात. नक्षीत जिथे तो रंग नको, तिथे धागा कापडाच्या पाठीमागे मोकळा राहतो. त्या मोकळ्या धाग्यांच्या थरामुळेच हिमरूची शाल ऊबदार आणि मऊ लागते.

सुयांवर दोन रंगांत विणणारीला हे वाचून ओळखीचे वाटेल. तिच्याही स्वेटरात न लागणारा रंग पाठीमागून धावतो. तो आवळला की कापड चुरगळते, म्हणून रंग बदलताना उजव्या सुईवरचे टाके पसरून घ्यायचे आणि चार-पाच टाक्यांहून लांब धाव असेल तर मध्येच धागा अडकवायचा, नाहीतर बाळाची बोटे त्यात गुंततात. याउलट पैठणीत पाठीमागे धावणारे धागे नसतात. पोपटाचा हिरवा धागा आपल्या कांडीवर, आपल्या जागेपुरता जातो आणि शेजारच्या रंगाशी भेटतो तिथे त्याच्यात अडकून परततो. म्हणून पैठणी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. स्वेटरच्या छातीवर एकच मोठे फूल काढायचे असेल तर विणणारी नेमके हेच करते: प्रत्येक रंगाचा छोटा गुंडा वेगळा ठेवते आणि सीमेवर दोन धाग्यांना पीळ देते. पीळ विसरला तर तिथे फट पडते. शहरातल्या मागावरच्या दोन्ही युक्त्या अशा रीतीने सुयांवरही आहेत. त्या एकमेकांकडून घेतल्याचे मी म्हणत नाही. धाग्याच्या अडचणी सारख्या, म्हणून उत्तरेही सारखी.

फरक आहे तो शिकण्याच्या रीतीत. जुन्या हिमरू मागावर दोन माणसे लागत. खाली धोटा फेकणारा विणकर, आणि वर जाल्याच्या दोऱ्या ओढणारा साथीदार, बहुधा पोरसवदा. नक्षी कागदावर नसे. ती जाल्याच्या दोऱ्यांत बांधलेली असे आणि ते बांधण्याचे कसब मोजक्या हातांत. पोर वर बसून वर्षानुवर्षे दोऱ्या ओढे, पाही, आणि एक दिवस खाली उतरून विणकर होई. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी राजवट संपली, हिमरूच्या शेरवान्या शिवणारे गिऱ्हाईक आटले, यंत्रमागाचे स्वस्त कापड आले. पोर शाळेत गेले हे चांगलेच झाले, पण वरची जागा रिकामी झाली. काही मागांना भोकांच्या पत्त्यांची यंत्रे बसली. पण जुना जाला कुजला की त्यातली नक्षीही गेली, कारण ती वाचून पुन्हा बांधता येईल अशी दुसरीकडे कुठे लिहिलेली नव्हती.

सुयांचे विणकाम अक्षरांच्या बरोबरीने आले, असे वर म्हटले ते इथे उपयोगी पडते. त्याचा नमुना लिहिता येतो: 'पहिली ओळ: २ सुलट, २ उलट. दुसरी ओळ: दिसेल तसे.' कापडातल्या रांगेला मराठीने 'ओळ' हाच शब्द दिला, जो वहीतल्या रेघेला आणि पुस्तकातल्या मजकुराला आहे. वाचता येऊ लागलेल्या बाईला मासिकात छापलेला नमुना वाचून, गुरू शेजारी नसताना, रात्री सैपाकघर आवरल्यावर पाहिजे ते विणता येऊ लागले. वडीलधारे 'पुस्तक काय वाचत बसलीस' म्हणत, त्याच घरात सुया हाती घेऊन बसलेलीला सहसा कुणी हटकत नसे. आणि ती तर टाके मोजत, ओळी वाचत होती. भागाकार, सरासरी, समप्रमाण हे गणित कितीतरी बायकांनी बाहीचे टाके कमी करताना केले.

तरीही हे विणकाम आज हिमरूच्याच वाटेवर आहे. लुधियानाचे यंत्रावरचे स्वेटर दर हिवाळ्यात तिबेटी विक्रेत्यांच्या रांगांतून शहरोशहरी स्वस्त मिळतात. लोकरीच्या खर्चात तयार स्वेटर येतो, मग महिनाभर कोण विणेल? हा हिशेब चुकीचा नाही. पण जे जाईल ते काय, हे माहीत असावे. हिमरूचे जुने तुकडे संग्रहालयांत जपले आहेत, त्यांच्यावर लिहिले गेले आहे. घरच्या विणकामाचे दप्तर म्हणजे अध्यापिका विद्यालयांतल्या नमुन्यांच्या वह्या, चिकटवलेले वीतभर तुकडे, मासिकांतून कापलेली पाने. आजी गेली की ते सगळे रद्दीत जाते. स्वेटर लहान झाला की उसवून त्याच लोकरीचा दुसरा विणण्याची रीत होती, त्यामुळे वस्तूही फारशा उरल्या नाहीत. या कामाचा इतिहास लिहायचा तर त्या वह्यांशिवाय साधन नाही.

म्हणून शिकू पाहणाऱ्यांना तंत्राच्या सूचनांसोबत एक सूचना अधिक करावीशी वाटते. पहिला नमुन्याचा तुकडा उसवू नका. तो वहीत टाचा आणि खाली लिहा: सुईची जाडी, लोकर किती पदरी, टाके, ओळी, तारीख, कुणाकडून शिकलो आणि कुणासाठी विणले. घरात जुनी वही असेल तर तिच्यावर आधी तिच्या मालकिणीचे नाव लिहा. वह्यांवर नमुन्यांची नावे असतात, 'भाताचा टाका', 'पानांची जाळी'. विणणारीचे नाव बहुधा नसते.