मेक्सिको सिटी : नागरिकांनी रेखाटलेले आकाश

शहराच्या उत्सवाला लाखोंचा जनसमुदाय लोटतो. परंतु त्याचा सहभाग बहुधा पाहण्यापुरताच मर्यादित राहतो. ही मर्यादा ओलांडणाऱ्या भव्य सार्वजनिक कलाकृतींमध्ये मेक्सिकोची राजधानी मेक्सिको सिटी येथील ‘अल्झादो व्हेक्टोरियाल’ या प्रकाशशिल्पाचा आवर्जून उल्लेख केला जातो. सन २०००च्या स्वागतानिमित्त २६ डिसेंबर १९९९ ते ७ जानेवारी २००० या कालावधीत ते शहरातील सोकालो चौकात साकारण्यात आले.

राष्ट्रीय प्रासाद, भव्य कॅथेड्रल आणि लगतच असलेले अॅझटेककालीन मंदिराचे अवशेष यांमुळे सोकालो हे मेक्सिकोच्या इतिहासाचे केंद्र मानले जाते. तेथील सोहळ्याची कामगिरी देशाच्या राष्ट्रीय संस्कृती व कला परिषदेने राफाएल लोझानो-हेमर यांच्याकडे सोपवली. १९६७ साली याच शहरात जन्मलेले आणि पुढे कॅनडातील माँट्रियल येथे स्थायिक झालेले हे कलावंत मूळचे रसायनशास्त्राचे पदवीधर आहेत. अशा सोहळ्यांत राष्ट्राच्या इतिहासातील निवडक प्रसंग ध्वनी व प्रकाशाच्या साह्याने दाखवण्याची प्रथा असते. मात्र कोणता प्रसंग घ्यायचा आणि कोणता वगळायचा, हे एकट्या कलावंताने ठरवणे लोझानो-हेमर यांना मान्य नव्हते. त्यांनी आकाशातील रचनाच नागरिकांच्या स्वाधीन केली.

चौकाभोवतालच्या इमारतींच्या छपरांवर प्रत्येकी ७ किलोवॅट क्षमतेचे १८ सर्चलाइट बसवण्यात आले. त्यांची दिशा संगणकाद्वारे नियंत्रित केली जात असे. इंटरनेटवरील संकेतस्थळावर चौकाची त्रिमितीय प्रतिकृती उपलब्ध होती. तिच्या आधारे कोणालाही प्रकाशझोतांची आपल्या पसंतीची मांडणी तयार करता येई. ती क्रमाने प्रत्यक्ष आकाशात उमटे, कॅमेरे तिची छायाचित्रे टिपत आणि त्या व्यक्तीच्या नावाचे स्वतंत्र पान तयार होई. त्या काळी मेक्सिकोत घरोघरी इंटरनेट पोहोचलेले नव्हते. त्यामुळे देशभरातील सार्वजनिक ग्रंथालये व संग्रहालयांमध्ये विनामूल्य संगणक-सुविधेची सोय करण्यात आली. कलावंताने दिलेल्या माहितीनुसार, दोन आठवड्यांत ८९ देशांतील सुमारे ८ लाख लोकांनी यात भाग घेतला. ऑस्ट्रियातील ‘आर्स इलेक्ट्रॉनिका’ महोत्सवात २००० साली परस्परसंवादी कलेसाठीचा ‘गोल्डन निका’ पुरस्कार या कलाकृतीस प्राप्त झाला.

सर्चलाइट हे मूळचे लष्करी साधन. शत्रूची विमाने हुडकण्यासाठी त्याचा वापर होत असे. १९३०च्या दशकात अल्बर्ट श्पेअर यांनी न्युरेंबर्ग येथील नाझी मेळाव्यांत शंभराहून अधिक सर्चलाइटांचे झोत आकाशात सरळ उभे केले होते. त्या प्रकाशस्तंभांपुढे माणूस क्षुद्र भासावा, हा त्यामागील हेतू होता. सोकालोत साधन तेच होते, परंतु झोत कोठे वळवायचा हे समोरचा नागरिक ठरवत होता.

हे स्वातंत्र्य केवळ प्रकाशापुरते नव्हते. प्रत्येक सहभागी व्यक्तीला आपल्या पानावर मजकूर लिहिण्याची मुभा होती आणि त्यावर कोणतीही काटछाट करण्यात आली नाही. परिणामी सरकारी सोहळ्याच्या पानांवर प्रेमकविता, फुटबॉल सामन्यांचे निकाल व लग्नाच्या मागण्या यांच्याबरोबरच झापातिस्ता चळवळीच्या घोषणाही झळकल्या. १९९४ साली चियापास प्रांतात याच चळवळीने सरकारविरुद्ध सशस्त्र उठाव केला होता. लोकसहभागाचा दावा करणाऱ्या आयोजकांना कोणती जोखीम पत्करावी लागते, हे या उदाहरणातून स्पष्ट होते.

पुढे हा प्रकल्प स्पेनमधील व्हितोरिया (२००२), फ्रान्समधील लियाँ (२००३), आयर्लंडमधील डब्लिन (२००४) आणि कॅनडातील व्हँकुव्हर (२०१०) येथे सादर झाला.

मेक्सिको सिटीत मात्र याच विचाराला २००८ साली अधिक गंभीर रूप लाभले. २ ऑक्टोबर १९६८ रोजी त्लातेलोल्को येथील चौकात विद्यार्थ्यांच्या सभेवर गोळीबार झाला होता. ऑलिंपिक स्पर्धांच्या उद्घाटनाला त्या वेळी अवघे दहा दिवस उरले होते. मृतांच्या संख्येबाबत आजही मतभेद आहेत. या घटनेच्या चाळिसाव्या स्मृतिवर्षानिमित्त लोझानो-हेमर यांनी त्याच चौकात ‘व्होझ आल्ता’ ही कलाकृती उभारली. तेथे ठेवलेल्या ध्वनिवर्धक कर्ण्यातून कोणीही निर्बंधाविना बोलू शकत असे. बोलणाऱ्याच्या आवाजाच्या चढउतारानुसार सर्चलाइटचा झोत उजळत वा मंदावत असे आणि विद्यापीठाचे रेडिओ केंद्र ते शब्द थेट प्रसारित करत असे. त्यामुळे दूरवरच्या घरांत आकाशातील प्रकाश पाहत असतानाच तो कोणाच्या शब्दांनी उजळला आहे, हे रेडिओवर ऐकता येई. कर्ण्यापाशी कोणी नसेल, तेव्हा त्या घटनेशी संबंधित जुनी ध्वनिमुद्रणे ऐकवली जात.