हलणारी घोडी आणि परतणारा स्वर

बीन किंवा सतार ऐकणाऱ्या मनुष्यास दोन स्वरांमधील जागेचें महत्त्व सांगावें लागत नाहीं. वादक पडद्यावर तार आडवी ओढतो आणि एकाच आघातांत स्वर चढत चढत पुढच्या स्वरास जाऊन मिळतो. मींड काढून घेतली, तर हीं वाद्यें मुकीं वाटतील. पाश्चात्त्यांच्या गिटारीची घडण निराळी. तिचे पडदे पट्टींत पक्के बसविलेले, आणि ज्या पडद्यावर बोट ठेवावें तोच स्वर निघावा, ही तिची शिस्त. विसाव्या शतकाच्या आरंभीं हवाई बेटांतील वादकांनीं गिटार मांडीवर आडवी घेऊन तारांवरून पोलादी कांडी फिरविण्याची रीत अमेरिकेंत नेली. १९१५ सालच्या सॅन फ्रान्सिस्को येथील जागतिक प्रदर्शनानंतर तिचें तेथें वेडच लागलें. मुंबईच्या बोलपटांतूनही हवाई गिटारीचा हा आवाज पुढें पुष्कळांच्या परिचयाचा झाला. त्या घसरत्या, थरथरत्या स्वराची गोडी लागल्यावर छातीशीं धरून वाजविण्याची गिटार कोरडी वाटूं लागली, तर त्यांत नवल नाहीं.

सहाही तारा एकदम सैल करून पुन्हां ताणण्याची युक्ति शोधण्याचा उद्योग त्यानंतर सुमारें पन्नास वर्षें चालला. वरवर पाहतां ती एका लहानशा दांडीची हकीकत आहे. परंतु तार हलविणें हा खरा प्रश्न नव्हताच. तें कोणीही करूं शकला असता. हललेली तार मूळ स्वरावर बिनचूक परत कशी आणावी, हा प्रश्न होता.

पहिला नांव घेण्याजोगा प्रयत्न क्लेटन ऑर कॉफमन ऊर्फ ‘डॉक’ कॉफमन याचा. त्यानें १९२९ सालीं पेटंटसाठीं अर्ज केला व १९३२ सालीं तें त्यास मिळालें. तंबोऱ्याच्या तळाशीं ज्यास तारा अडकवितात त्या लंगोटाचें जें काम, तेंच गिटारींत ‘टेलपीस’चें. कॉफमननें हा टेलपीस स्थिर न ठेवतां स्प्रिंगवर हलता केला व त्यास एक दांडी जोडली. उजव्या हातानें दांडी हलविली कीं सर्व तारांचा ताण बदले व स्वर झुले. या यंत्राचें नांव ‘व्हायब्रोला’. त्याच सुमारास, १९३२ सालीं, लॉस एंजल्सच्या रिकेनबॅकर कंपनीची विद्युत्-गिटार बाजारांत आली, आणि पुढें त्या कंपनीनें आपल्या गिटारींवर व्हायब्रोला बसविला. हा योग महत्त्वाचा होता. साध्या गिटारीचा स्वर लवकर विरतो. विजेनें वाढविलेला स्वर अधिक वेळ ऐकूं येतो, म्हणून त्याचें झुलणेंही कानास स्पष्ट कळतें.

परंतु व्हायब्रोलानें गिटार बेसूर होई. कारण समजण्यासाठीं तारेचा मार्ग पाहिला पाहिजे. टेलपीसपासून निघालेली तार प्रथम घोडीवर टेकते आणि दुसऱ्या टोकास ‘नट’ नांवाच्या पट्टीच्या खाचेंतून खुंटीकडे जाते. दांडी हलली कीं तार या दोन्ही ठिकाणीं किंचित् सरकते. परततांना घर्षणामुळें ती केसभर जरी अडकली, तरी स्वर पहिला राहत नाहीं. म्हणजे दोष केवळ स्प्रिंगचा नव्हे. तारेच्या वाटेवरील प्रत्येक टेकूचा होता.

१९४० नंतरच्या दशकांत मर्ल ट्रॅव्हिस या नामांकित गिटारवादकानें आपला बिघडलेला व्हायब्रोला पॉल बिग्स्बी याच्याकडे नेला. बिग्स्बी हा मोटारसायकलींच्या शर्यतींत भाग घेणारा, यंत्रकामांत मुरलेला कारागीर. त्यानें दुरुस्तीच्या खटपटींतून स्वतःचेंच यंत्र तयार केलें. त्यांत तारा एका आडव्या दांड्याभोंवतीं वळविलेल्या असतात. हात दाबला कीं दांडा थोडा फिरतो व हाताखालील एकच जाड स्प्रिंग त्यास परत उचलते. त्याची घोडीही तारांबरोबर किंचित् डुलणारी होती. या यंत्रानें स्वर फार खालीं जात नाहीं. पाण्यावर तरंग उठावा तसा तो हेलावतो. चेट अ‍ॅटकिन्स व डुएन एडी यांच्या वादनांत ही हेलावणी ऐकावयास मिळते.

लिओ फेंडर यानें निराळी वाट धरली. कॅलिफोर्नियांतील फुलर्टन गांवचा हा रेडिओ दुरुस्त करणारा गृहस्थ. त्यास स्वतःस गिटार वाजवितां येत नसे. कॉफमन कांहीं काळ त्याचा भागीदार होता, आणि त्याचा साहाय्यक फ्रेडी टव्हारेस हा जन्मानें हवाई बेटांतला. त्यांच्या पहिल्या यंत्रांत तारा रुळांवरून जात व टेलपीस स्वतंत्र होता. परंतु आवाज इतका पातळ झाला कीं सर्व रचना मोडीत काढावी लागली. मग फेंडरनें घोडी व टेलपीस एकत्र केले. सहा स्क्रूंवर कडेनें टेकलेली पट्टी, तिच्याखालीं पोलादाचा जड ठोकळा, आणि गिटारीच्या पाठींतील पोकळींत पांचपर्यंत स्प्रिंगा. एका बाजूस तारांचा ओढा, दुसऱ्या बाजूस स्प्रिंगांचा. तराजू तोलावा तशी घोडी मधोमध उभी. ती तारांसहच हलत असल्यामुळें तिच्यावरील घर्षण अगदीं थोडें उरलें. १९५४ सालच्या ‘स्ट्रॅटोकास्टर’ गिटारींत ही योजना आली व १९५६ सालीं तिला पेटंट मिळालें. मात्र फेंडरनें तिला ‘ट्रेमोलो’ म्हटलें, तें चुकीचें. ट्रेमोलोंत आवाज लहानमोठा होतो; स्वर खालींवर होतो तो ‘व्हायब्रॅटो’, हिंदुस्थानी संगीतांतील आंदोलनाचा सोयरा. चुकीचें नांवच पुढें रूढ झालें.

या तराजूला किंमत मोजावी लागते. एक तार तुटली तर स्प्रिंगांचा जोर वरचढ होऊन उरलेल्या पांचही चढतात. एक तार बोटानें ओढली तर बाकीच्या उतरतात. तरी १९६० सालीं ‘अपाची’ या रचनेंत हँक मार्व्हिननें या दांडीचा किती हळुवार उपयोग केला, आणि १८ ऑगस्ट १९६९ रोजीं वुडस्टॉक येथें जिमी हेंड्रिक्सनें अमेरिकेचें राष्ट्रगीत वाजवितांना तिच्यांतून युद्धाचा कल्लोळ कसा उठविला, हें ऐकलें म्हणजे एकाच यंत्राची व्याप्ति ध्यानांत येते.

हेंड्रिक्ससारखें दांडी खोल दाबणारांची अडचण मात्र कायम राहिली, ती नटापाशीं. फ्लॉइड रोझ यानें तेथेंच बोट ठेवलें. त्यानें नटावर तारा स्क्रूनें आवळून टाकल्या. घोडीवरही त्या आवळून धरल्या. तार सरकतच नाहीं, तर अडकेल कोठें? या युक्तीस १९७९ सालीं पेटंट मिळालें. आवळल्यावर खुंट्या निरुपयोगी होतात, म्हणून पुढें घोडीवर बारीक सुरासाठीं वेगळे स्क्रू आले. तार बदलणें मात्र खटाटोपाचें झालें.

यंत्राची निवड याच इतिहासावरून ठरते. ज्यास केवळ स्वराचा हेलावा हवा त्यास बिग्स्बी पुरतो. मध्यम खोलीसाठीं फेंडरची रचना. अगदीं तळ गांठावयाचा तर रोझची. बिग्स्बीबरोबर घोडी डुलणारी किंवा रुळांची असलेली बरी. फेंडरची घोडी बसवितांना आधीं एकाच जाडीच्या संचांतील नव्या तारा चढवून ताणून घ्याव्यात, नटाच्या खाचा गुळगुळीत करून त्यांत पेन्सिलीचें शिसें घासावें. मग सूर लावावा व पाठीमागील स्क्रू फिरवून घोडीची मागची कड लाकडापासून सुमारें ३ मिलिमीटर उचलेल असा तोल साधावा. प्रत्येक फेरफारानंतर सूर पुन्हां लावावा लागतो. एक तार बदलली कीं साऱ्याच हलतात. शेवटीं बाराव्या पडद्यावरील स्वर पाहावा. तो त्याच तारेच्या मोकळ्या अष्टकाहून चढा असेल, तर त्या तारेचा घोडीवरील टेकू मागें सारावा. परीक्षा सोपी आहे. दांडी दाबून सोडावी. स्वर चढाच राहिला, तर तार बहुधा नटांत अडकली आहे असें समजावें.

एरिक क्लॅप्टननें तर आपल्या स्ट्रॅटोकास्टरची घोडी लाकडी ठोकळा घालून जखडूनच टाकली. तो सतारियाप्रमाणें बोटानेंच तार हलवितो, आणि बोटास परतीची वाट ठाऊक असते. यंत्रास ती शिकविण्यासाठीं कॉफमनच्या अर्जापासून रोझच्या पेटंटापर्यंत ५० वर्षें लागलीं.