ओरुझा

भाताचे पीक व तांदूळ या दोन्ही अर्थांचे ग्रीक नाम. इ. स. पू. चौथ्या शतकाच्या अखेरीस थिओफ्रास्टसने भारतीय पिकांच्या वर्णनात ते ‘ओरुझोन’ असे नपुंसकलिंगी वापरले. पुढे ‘ओरुझा’ हे स्त्रीलिंगी रूप रूढ झाले. त्याची एकवचनी रूपे : प्रथमा ओरुझा, द्वितीया ओरुझान, षष्ठी ओरुझेस. अन्त्य ऱ्हस्व ‘आ’चा षष्ठीत दीर्घ ‘ए’ होतो.

व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. चेन्नईच्या दुकानांत आजही चालणाऱ्या ‘अरिसि’ या तमिळ शब्दाशी रॉबर्ट कॉल्डवेलने त्याचा संबंध जोडला. हा पाद्री 1838 मध्ये मद्रासला उतरला. त्याचे द्राविडी भाषांचे तुलनात्मक व्याकरण 1856 मध्ये निघाले. मत आकर्षक खरे, पण ‘अरिसि’ म्हणजे सडीक तांदूळ. टरफलासकटच्या साळीला तमिळमध्ये ‘नेल्’ म्हणतात. शिवाय आरंभीच्या ‘ओ’चा उलगडा त्यातून नीट होत नाही. पूर्व इराणी भाषांतील ‘व्रिज’सारख्या रूपातून तो होतो, म्हणून हा मार्ग अधिक ग्राह्य वाटतो. संस्कृत ‘व्रीहि’ त्याच कुळातला. मराठी शाळकऱ्यांना तो ‘बहुव्रीही’ समासामुळे ठाऊक असतो. लॅटिनमार्गे आलेले ‘ओरायझा’ हे वंशनाम लिनीअसने 1753 मध्ये भाताला दिले.