बालशिक्षिकेची सनद

वकिली करायची तर सनद लागते, औषध द्यायचे तर नोंदणी लागते, रिक्षा चालवायची तरी परवाना आणि बिल्ला लागतो. तीन-चार वर्षांची पंचवीस-तीस मुले आपण रोज ज्या बाईंच्या हाती सोपवतो, त्यांच्याजवळ कोणता कागद असावा, तो कोणी द्यावा आणि त्यासाठी त्यांना काय यायला हवे, याविषयी मात्र दीडशेहून अधिक वर्षे एकमत झालेले नाही.

जर्मनीत फ्रीड्रिख फ्रोबेल यांनी १८३७ साली लहान मुलांसाठी संस्था काढली, १८४० मध्ये तिला 'किंडरगार्टन' म्हणजे मुलांची बाग असे नाव दिले आणि पुढे या बागेसाठी तरुण स्त्रियांना तयार करण्याचे वर्गही चालवले. १८५१ मध्ये प्रशियाच्या सरकारने किंडरगार्टनवर बंदीच घातली. तेथे नास्तिक आणि समाजवादी विचार पसरतात, असा आरोप होता. त्यात फ्रोबेल यांच्या पुतण्याच्या लेखनाशी झालेली गल्लतही होती. बंदी १८६० मध्ये उठली, तोवर फ्रोबेल हयात नव्हते. सरकारची नजर बालशिक्षिकेवर पडली ती अशी!

खरी गंमत पुढे आहे. ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेंझो या गरीब वस्तीत मारिया माँटेसोरी यांनी 'बालगृह' सुरू केले. माँटेसोरी स्वतः डॉक्टर. मुलांजवळ थांबायला त्यांनी जी बाई नेमली ती प्रशिक्षित शिक्षिका नव्हती. इमारतीच्या रखवालदाराची ती मुलगी. साधने कशी मांडायची एवढे तिला दाखवले होते. बाकी उपदेश करण्याची, ओरडण्याची, बक्षिसे वाटण्याची शिक्षकी सवय तिला नव्हती, आणि हे आपल्या पथ्यावरच पडले असे माँटेसोरींचे मत होते. जगभर गाजलेल्या या प्रयोगाची पहिली शिक्षिका, आजच्या भाषेत सांगायचे तर, 'अपात्र' होती.

त्याच माँटेसोरी थोड्याच वर्षांत प्रमाणपत्राच्या बाबतीत कमालीच्या कडक झाल्या. १९१३ मध्ये रोमला त्यांचा पहिला आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम झाला. तेथे मिळालेल्या पदविकेवर बालगृह चालवता येई, पण दुसऱ्या शिक्षकांना तयार करता येत नसे. तो अधिकार त्यांनी स्वतःकडे ठेवला. टीकाकारांना यात मक्तेदारी दिसली, आणि ती टीका अगदीच निराधार नव्हती. अमेरिकेतील त्यांच्या चळवळीला जी ओहोटी लागली, तिला हा हट्टही काही अंशी कारणीभूत होता.

तरीही प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माणसाला त्यांची भीती समजू शकते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी पातळ छेद घेणे केवळ छापील कृती वाचून कोणाला जमल्याचे मी पाहिलेले नाही. येणाऱ्याच्या शेजारी बसावे लागते, दहा छेद वाया घालवावे लागतात. माँटेसोरी शिक्षिकेचे कसब याच जातीचे आहे. मूल ठोकळा चुकीच्या खाचेत बसवत असते, आपला हात पुढे जायला शिवशिवत असतो, आणि तो आवरायचा असतो. कारण ठोकळा बसत नाही हे खाचच त्याला सांगणार असते. म्हणून या प्रशिक्षणात प्रत्येक साधनाची मांडणी विद्यार्थिनीने स्वतः लिहून, चित्रे काढून वही तयार करायची आणि तासन्‌तास काही न बोलता मुलांचे निरीक्षण करायचे, असा प्रघात पडला.

आपल्याकडची सुरुवात मात्र या पदविकेवाचून झाली. भावनगरचे गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) पेशाने वकील. म्हणजे सनद होती, पण ती कोर्टाची. मुलाच्या शिक्षणाच्या काळजीतून ते माँटेसोरींच्या ग्रंथाकडे वळले आणि १९२० साली त्यांनी दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. माँटेसोरींचा अभ्यासक्रम त्यांनी केलेला नव्हता. पुढे दक्षिणामूर्तीतच अध्यापन मंदिर निघाले. राजकोटच्या स्त्री-प्रशिक्षण महाविद्यालयाच्या प्राचार्या राहिलेल्या ताराबाई मोडक १९२३ मध्ये त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला.

जून १९३९ मध्ये गिजुभाई वारले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात माँटेसोरी अड्यारला येऊन पोहोचल्या. दोघांची भेट हुकली. अड्यारच्या पहिल्या अभ्यासक्रमाला तीनशेच्या आसपास विद्यार्थी होते. युद्धात इटली उतरल्यावर त्यांचा मुलगा मारिओ याला शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून तेव्हाच्या अहमदनगरला स्थानबद्ध केले गेले. ऑगस्ट १९४० मध्ये, माँटेसोरींच्या सत्तराव्या वाढदिवशी, त्याची सुटका झाली. १९४६ पर्यंत त्या भारतात राहिल्या आणि या काळात हजारावर शिक्षक त्यांच्या हाताखालून गेले. शहरांतील माँटेसोरी शाळांचा पाया हा.

ताराबाईंची वाट वेगळी झाली. १९३६ साली त्यांनी दादरला शिशुविहार सुरू केले होते. पण १९४५ मध्ये त्या डहाणू तालुक्यातील बोर्डीला गेल्या. बोरिवलीच्या कस्तुरबा ट्रस्टच्या शिबिरात भेटलेल्या अनुताई वाघ त्यांच्या सोबत आल्या. बालविधवा, प्राथमिक शिक्षिका म्हणून प्रशिक्षित, १९३७ मध्ये रात्रशाळेतून मॅट्रिक झालेल्या, वय पस्तीस. बालशिक्षण त्या ताराबाईंच्या शेजारी उभे राहून शिकल्या.

येथे आयात साधने परवडणारी नव्हती. शंख-शिंपले, बिया, पाने, खडे हीच साधने झाली. मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर शाळाच वस्तीच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द आपल्या बोलण्यात आला तो या कामातून. पुढे कोसबाडच्या टेकडीवर गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही भरल्या. या कामाला पदवीधर बाई शहरातून आणून टिकणार नव्हती. वारली पाड्यांवरच्या घरांत जिला जाता येईल, मुलाची भाषा जिला कळेल अशी बाई हवी होती, म्हणून बालसेविकांचे प्रशिक्षण केंद्रावरच सुरू झाले. मुलांना आंघोळ घालणे, केस विंचरणे हाही त्या शिक्षणाचाच भाग होता. माँटेसोरींनी पदविका जपली. ताराबाई-अनुतार्इंनी ती शिकण्याची जागाच पाड्याजवळ आणली. माझ्या मते दोघींना एकच गोष्ट टिकवायची होती, ती म्हणजे जाणत्या माणसाच्या शेजारी बसून शिकणे.

नंतर 'अंगणवाडी' हा शब्द देशभर गेला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली. त्यातील कार्यकर्ती पोषण, लसीकरणाचा पाठपुरावा, नोंदवह्या आणि पूर्वप्राथमिक शिक्षण असे सगळे पाहते. तिला मिळते ते मानधन. शिक्षक-शिक्षण परिषदेचा कायदा १९९३ चा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानंतर पहिली ते आठवीच्या शिक्षकाला किमान अर्हता आणि पात्रता परीक्षा आली, पण तो कायदा ६ ते १४ वयाचा. सहाव्या वाढदिवसाच्या अलीकडे तिची सक्ती पोहोचली नाही. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी कार्यकर्तीचे पद हे शासकीय पद नाही असे म्हटले. एप्रिल २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने तिला उपदानाचा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा, हक्क मान्य केला.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात बारावी झालेल्या कार्यकर्तीसाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि त्याहून कमी शिकलेलीसाठी एक वर्षाची पदविका सुचवली आहे. हे शिक्षण दूरचित्रवाणी आणि स्मार्टफोनवरून, चालू कामात खंड न पडू देता व्हावे, असे त्यात म्हटले आहे. दाराशी कागद पोहोचेल, हे चांगलेच. ठोकळा घेतलेल्या मुलाकडे पाहत हात आवरून बसलेल्या बाईंच्या शेजारी बसायला कोणाला पाठवणार, हे त्या धोरणाच्या पानांत मला सापडले नाही. अनुताई १९६१ मध्ये बी. ए. झाल्या, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी. तोवर त्यांना बालशिक्षिका घडवू लागून बरीच वर्षे झाली होती.