क्रिएटिनिन १.८

परवा बाबांच्या फायली आवरताना दोन वर्षांपूर्वीचा एक रिपोर्ट सापडला. क्रिएटिनिन १.८, आकड्यापुढे चांदणी. तो रिपोर्ट लॅबमधून मीच आणला होता. फाईलला लावला आणि ऑफिसला पळालो. आज आकडा ४ च्या पुढे गेलाय आणि डॉक्टर पहिल्यांदाच 'डायलिसिस' म्हणाले. अपराधी वाटलं की मी वाचत बसतो, त्यामुळे हा अख्खा वीकएंड या मशीनच्या इतिहासात गेला.

गोष्ट सुरू होते १९४३ मध्ये, हॉलंडमधल्या कांपेन गावी. देश जर्मनांच्या ताब्यात, साध्या सामानाचीही मारामार. तिथे विलेम कोल्फ या तरुण डॉक्टरने सॉसेजच्या वेष्टनाची सेलोफेनची लांबलचक नळी लाकडी ड्रमवर गुंडाळली आणि तो ड्रम क्षारांच्या पाण्यात फिरवत ठेवला. नळीत रक्त, बाहेर पाणी. रक्तातला युरिया पातळ पडद्यातून पाण्यात उतरतो, तत्त्व एवढंच! पहिल्या पंधराएक पेशंटपैकी जवळजवळ सगळे दगावले. १९४५ मध्ये मात्र ६७ वर्षांच्या सोफिया शाफस्टाट बेशुद्धीतून परत आल्या. नाझींना साथ दिली म्हणून त्या तुरुंगात होत्या. कोल्फने तरीही उपचार केले.

पण यात एक मेख होती. दर वेळी नवी रक्तवाहिनी उघडावी लागे. जागा संपल्या की खेळ खलास. म्हणजे किडनी चार दिवस रुसली असेल तर ठीक, कायमची गेली असेल तर उपाय नाही. हा बग सोडवला सिअ‍ॅटलच्या बेल्डिंग स्क्रिब्नरने, १९६० मध्ये. हाताच्या धमनीत आणि शिरेत टेफ्लॉनच्या नळ्या कायमच्या बसवायच्या आणि डायलिसिस नसेल तेव्हा एकमेकींना जोडून ठेवायच्या. त्याचा पहिला पेशंट क्लाइड शील्ड्स पुढे ११ वर्षं जगला.

मग नवाच प्रश्न आला. मशीन मोजकी, पेशंट ढीगभर. सिअ‍ॅटलमध्ये सात जणांची एक कमिटी नोकरी, मुलंबाळं वगैरे बघून कोणाला मशीन द्यायचं ते ठरवायची. अमेरिकेत सरकारने खर्च उचलायचा कायदा झाला तो १९७२ मध्ये. आपल्याकडे जिल्हा रुग्णालयांतून गरिबांना मोफत डायलिसिस देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१६ मध्ये आला.

एवढं वाचून एक गोष्ट डोक्यात बसली. कोल्फपासून आजपर्यंत मशीनने माणसं जगवली, पण गेलेली किडनी परत आणली नाही. आणि किडनी बिघडताना बहुतेक वेळा दुखत नाही. ती फक्त लॉगमध्ये नोंद करते: रक्तात क्रिएटिनिन, लघवीत अल्ब्युमिन. तो लॉग आपण वाचायचा असतो.

आता बाबांची शुगर, बीपी, क्रिएटिनिन सगळं एक्सेलमध्ये आहे. लोणच्याची बरणी आईने वरच्या फळीवर ठेवलीय. गुडघेदुखीची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायची नाही. याने गेलेलं परत येणार नाही, पण डायलिसिस जितकं पुढे ढकलता येईल तितकं बरं.

असो. घरी कुणाला डायबेटिस किंवा बीपी असेल तर आज जुनी फाईल काढा. चांदणी दिसली तर माझ्यासारखं ऑफिसला पळू नका.